यंत्र कोसळलं, जबाबदार कोण? बोरघाट ते शहापूर

आजच्या भागात राजे नाहीत, किल्ले नाहीत, लढायाही नाहीत. आज आपण बांधकामाच्या साइटवर जीव गमावणाऱ्या आणि जायबंदी होणाऱ्या माणसांचा इतिहास बघणार आहोत. आपण ज्या पुलांवरून, बोगद्यांतून आणि मेट्रोतून फिरतो, ते उभे करताना ही माणसं क्रेनखाली, लाँचरखाली, डंपरखाली सापडली. विषय जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका. यातली एक गोष्ट उद्या तुमच्या ओळखीच्या कुणाच्या तरी उपयोगी पडू शकते.

सुरुवात अगदी अलीकडच्या तारखेपासून करू.

३१ जुलै २०२३ ची रात्र. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या शेवटच्या टप्प्यातल्या पुलाचं काम चालू होतं. मध्यरात्रीच्या सुमारास गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र, म्हणजे लाँचर, सुमारे शंभर फुटांवरून खाली कोसळलं. वर काम करणारी माणसं त्याच्यासोबत खाली आली. २० जण गेले. बहुतेक जण उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तामिळनाडू अशा लांबलांबच्या राज्यांतून आलेले.

सकाळी बातम्या सुरू झाल्या. राज्य सरकारकडून प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधानांच्या मदतनिधीतून २ लाख अशी मदत जाहीर झाली. उपठेकेदारांवर गुन्हा दाखल झाला. चार दिवसांनी बातमी मागे पडली. जून २०२५ मध्ये तो शेवटचा टप्पाही सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला.

आता यातला एक शब्द पकडून ठेवा. 'मदत'. आजचा सगळा भाग या एका शब्दाभोवती फिरणार आहे. कामावर माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना जे पैसे मिळतात, ती मदत असते की हक्क? आणि हक्क असेल, तर ते पैसे द्यायचे कुणी? हा प्रश्न विचारायला आणि त्याचं उत्तर मिळवायला आपल्याला जवळपास सत्तर वर्षं लागली. आणि ते उत्तर मिळूनही आता शंभर वर्षं उलटली आहेत.

बोरघाट, १८५६

मुंबई-पुणे ट्रेनने तुम्ही गेला असालच. कर्जत सोडलं की मागून इंजिनं जोडतात, मग एकामागून एक बोगदे येतात, आणि आपण मोबाईल बाहेर काढून धबधब्यांचे व्हिडिओ घेतो. हा बोरघाट. ब्रिटिश कागदपत्रांत 'भोर घाट'. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इथलं काम १८५६ च्या जानेवारीत सुरू केलं आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, १,८०० फुटांहून जास्त चढ आणि २५ बोगदे.

त्या काळात साइटवर क्रेन नाही, ड्रिलिंग मशीन नाही. यंत्र म्हणजे माणूसच. पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू. कड्यावर उभं राहायला जागा नसायची, म्हणून मजुरांना दोरानं खाली सोडायचे आणि लटकत लटकत ते खडकाला भोकं पाडायचे. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांच्या आसपास माणसं या घाटात राबत होती. कॉलरा, ताप, सुरुंग, दरड. मृत्यूंचे इतिहासकारांचे अंदाज हजारोंमध्ये आहेत.

पण मला तुमचं लक्ष ठेक्याच्या साखळीकडे वेधायचं आहे. रेल्वे कंपनीने काम दिलं विल्यम फेव्हिएल नावाच्या ठेकेदाराला. त्याने पुढे उपठेकेदारांना तुकडे वाटले. त्यांच्या खाली मुकादम, आणि मुकादमाच्या खाली मजुरांच्या टोळ्या. आजच्या साइटवर जसा 'पेटी कॉन्ट्रॅक्टर' असतो ना, अगदी तसंच. १८५९ च्या जानेवारीत मजुरीचे पैसे थकले म्हणून घाटात मोठा दंगा झाला. सरकारने चौकशी बसवली. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मेला. मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका आपल्या हातात घेतला आणि इंजिनिअर नेमून काम तडीस नेलं. या बाईची गोष्ट खरंच भारी आहे, तिच्यावर कधीतरी वेगळा भाग करू.

दंग्यानंतर वर्षभरात, १८६० मध्ये, कायदा आला. रेल्वे आणि कालव्यांसारख्या कामांवरचे पगाराचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवायचे, अशी त्यात तरतूद होती. ऐकायला छान. पण त्याच कायद्यात काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकायचीही सोय होती! आणि काम करता करता हात तुटला, जीव गेला, तर? त्यावर कायदा गप्प.

खाटकाच्या पोऱ्याची गोष्ट

हा गप्पपणा आला कुठून, हे समजायला इंग्लंडला एक चक्कर मारावी लागेल, कारण आपले त्या काळचे कायदे तिथल्याच विचारांवर बेतलेले होते.

साल १८३७. चार्ल्स प्रिस्टली नावाचा पोरगा एका खाटकाकडे कामाला होता. मालकाने गाडीत माल पाठवला. गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरलेली, ती मोडली आणि हा जबर जखमी झाला. त्याने मालकावर दावा लावला. ज्युरीने १०० पौंड द्यायला सांगितले, पण वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की धोका त्यालाही दिसत होता, तो नको म्हणू शकला असता. आणि अशी भरपाई द्यायची ठरवली, तर उद्या प्रत्येक नोकर मालकाला कोर्टात खेचेल.

यातून पुढे एक तत्त्व पक्कं झालं. सोबतच्या कामगाराच्या चुकीने तुम्ही जखमी झालात, तर मालक जबाबदार नाही. आता साइटवर हे लावून बघा. क्रेनवाल्याने चुकीचा लोड उचलला, सिग्नल देणाऱ्याने चुकीचा इशारा केला, सुरुंगवाल्याने वेळेआधी बत्ती लावली. सगळे 'सोबतचे कामगार'च! मग मालक जबाबदार कधी ठरणार?

भारतात १८५५ मध्ये एक कायदा झाला होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना भरपाईचा दावा लावता येत होता. म्हणजे बोरघाटाचं काम सुरू व्हायच्या आदल्याच वर्षी. पण चूक सिद्ध करायची कुणी? दावा लावणाऱ्याने. कड्यावरून पडलेल्या मजुराच्या बायकोने वकील करायचा, साक्षीदार गोळा करायचे आणि रेल्वे कंपनीची चूक दाखवून द्यायची. कागदावर दार उघडं होतं, पण तिथपर्यंत पोचायला जिनाच नव्हता.

लोअर परळच्या रस्त्याचं नाव

जगात हे चित्र बदलायला कारखाने आणि यंत्रं कारणीभूत झाली. यंत्रांमुळे इतकी माणसं जायबंदी व्हायला लागली, की दर वेळी 'चूक कुणाची' हे शोधणंच निरर्थक ठरलं. जर्मनीत १८८४ मध्ये बिस्मार्कच्या काळात अपघात विम्याचा कायदा आला. ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये कामगार भरपाईचा कायदा आला. मागची कल्पना साधी होती. यंत्र चालवून नफा कमावताय ना? मग त्या यंत्राने होणारी इजा हाही धंद्याचाच खर्च. कोळशाचा खर्च धरता, तसा हाही धरा. चूक कुणाची, हा प्रश्नच बाजूला ठेवला.

भारतात तो दिवस १९२३ मध्ये उजाडला. कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. लोअर परळ स्टेशनच्या बाहेर पडलात की जो रस्ता लागतो, त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग. तिथल्या ऑफिसांत काम करणाऱ्या किती जणांना माहीत असेल, हे कोण ते? नारायण मल्हार जोशी, जन्म रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातल्या गोरेगावचा. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी एक. आणि १९२१ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलणारा आवाज. हा कायदा त्याच कायदेमंडळात झाला.

रक्कम तशी किरकोळच होती. मृत्यू झाला तर ३० महिन्यांचा पगार, तोही जास्तीत जास्त २,५०० रुपये. पण रकमेपेक्षा त्या कायद्यात रुजलेली तत्त्वं मोठी होती. कायदा पुढे अनेकदा सुधारला, २००९ च्या दुरुस्तीने त्याचं नावही बदललं. त्यातल्या चार गोष्टी नीट ऐका.

पहिली. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही.

दुसरी. मुख्य कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याचं काम ठेकेदाराला दिलं असलं, तरी ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य कंपनीकडे मागता येते. नंतर कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा प्रश्न. म्हणजे 'तो आमचा माणूस नाही, पेटी कॉन्ट्रॅक्टरचा आहे' हे वाक्य कायद्यात चालत नाही. बोरघाटातल्या साखळीवर हा थेट घाव होता.

तिसरी. 'त्याने हेल्मेट घातलं नव्हतं', 'बेल्ट लावला नव्हता', 'प्यायला होता'. प्रत्येक अपघातानंतर हे ऐकू येतंच. मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही.

चौथी. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईचे पैसे परस्पर घरच्यांच्या हातात टेकवून मोकळं होता येत नाही. ते आयुक्तांकडे जमा करावे लागतात. आणि 'आम्हाला आता काही नको' असं कुणाकडून लिहून घेतलं, अंगठा घेतला, तरी तो करार कायद्याने बाद ठरतो.

पहारीपासून लाँचरपर्यंत

आता यंत्रांकडे येऊ. बोरघाटात माणूस यंत्र होता. आज एकेक यंत्र शेकडो टनांचं आहे. यामुळे साइट सुरक्षित झाली का? काही बाबतीत नक्कीच झाली. पण आता एक छोटी चूक एका झटक्यात वीस माणसं घेऊन जाते.

लाँचर कसा चालतो ते सांगतो. मेट्रोचं किंवा उड्डाणपुलाचं काम चालू असताना दोन खांबांवर आडवं बसलेलं लांबलचक लोखंडी धूड बघितलं असेल. ते काँक्रीटचे तयार तुकडे खालून उचलतं आणि दोन खांबांच्या मध्ये ओळीने धरून ठेवतं. मग आतून पोलादी केबल ओवून त्या ताणतात आणि तुकड्यांचा एकसंध गाळा तयार होतो. त्यानंतर हे यंत्र स्वतःच सरकत पुढच्या खांबावर जातं. सरकण्याची हीच वेळ फार नाजूक. तोल बदलत असतो, भार एका टेकूवरून दुसऱ्यावर जात असतो. अशा वेळी एखादा टेकू, एखादा बोल्ट, एखादी खांबाची टोपी कच्ची निघाली, की यंत्र माणसांसकट खाली.

शहराला हे पहिल्यांदा जवळून दिसलं ते दिल्लीत. ऑक्टोबर २००८ मध्ये लक्ष्मीनगरला मेट्रोच्या कामावरचा लाँचर आणि पुलाचा भाग थेट रस्त्यावरच्या बसवर पडला, दोघांचा मृत्यू झाला. नऊ महिन्यांत, १२ जुलै २००९ ला, जमरूदपूरला खांबाची टोपी निकामी झाली आणि लाँचर कोसळून सहा जण गेले. दुसऱ्या दिवशी तो सांगाडा उचलायला आणलेल्या क्रेनही कलंडल्या! मेट्रोचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, पण कुणीतरी वरच्या माणसाने 'जबाबदारी माझी' म्हणण्याचं असं उदाहरण आपल्याकडे विरळच.

हे झाले मोठ्या बातम्यांचे अपघात. रोजचे अपघात बातमीत येतही नाहीत. मागे घेताना डंपरच्या चाकाखाली सापडलेला बिगारी. जेसीबीची बकेट फिरताना तिच्या टप्प्यात उभा असलेला पोरगा. हायड्राने माल झुलवत नेताना तो हाताने धरून बाजूने चालणारा हेल्पर. झिजलेली स्लिंग तुटून खाली आलेल्या सळ्या. ज्याला आपण नशीब म्हणतो, त्यात बहुतेक वेळा सिग्नल द्यायला वेगळा माणूस नसतो, यंत्राची तपासणी झालेली नसते, किंवा डबल ड्युटी केलेला ऑपरेटर असतो.

शहापूरनंतर जेमतेम चाळीस दिवसांनी, १० सप्टेंबर २०२३ ला, त्याच ठाणे जिल्ह्यात, ठाणे शहरातल्या बाळकुमला, चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट थेट तळघरात आदळली. काम संपवून खाली येणारे सात कामगार गेले.

पैसे आहेत, माणूस यादीत नाही

१९२३ चा कायदा अपघात झाल्यानंतरचा. अपघात होऊच नये म्हणून काय? त्यासाठी बांधकाम कामगारांच्या संघटनांनी १९८० च्या दशकापासून देशभर मोहीम चालवली आणि १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा आला. क्रेन, लिफ्ट, उचलयंत्रं यांची सक्षम तज्ज्ञाकडून चाचणी आणि तपासणी. ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा समिती, त्यात कामगारांचेही प्रतिनिधी. अपघाताची सरकारला सूचना. आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, ज्यातून कामगारांचं कल्याण मंडळ चालवायचं.

छानच ना? पण महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं, मंडळ उभं राहायला २०११. देशभरची गत वेगळी नव्हती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यावर निकाल देताना आकडे मांडले. उपकर जमा झाला ३७,४०० कोटींहून जास्त, आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. बाकीचे पडून. कारण मंडळाचे लाभ नोंदणी असलेल्या कामगारालाच मिळतात. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. जो माणूस या महिन्यात शहापूर, पुढच्या महिन्यात सुरत, त्याला हा दाखला देणार कोण? तोच ठेकेदार, ज्याला हा माणूस कागदावर नकोच असतो.

२०२० मध्ये संसदेने हे जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये विलीन केले आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. कामावरच्या अपघाताची भरपाई हा हक्क त्यातही कायम आहे.

मदत आणि हक्क, हिशोब मांडून

आता सुरुवातीच्या शब्दाकडे येऊ. 'मदत'. चला, गणित करू. २०२३ मध्ये, म्हणजे शहापूरच्या वेळी, मृत्यूच्या भरपाईचं सूत्र असं होतं. महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये. २५ वर्षांच्या माणसाचा गुणांक २१६.९१.

१५,००० चे निम्मे ७,५००. गुणिले २१६.९१. उत्तर येतं १६ लाख २६ हजार ८२५ रुपये.

सरकारने जाहीर केलेले ७ लाख ही मदत आहे. ती चांगलीच आहे, मिळायलाच हवी. पण हे सव्वासोळा लाख मदत नाहीत, ते मालकाचं देणं आहे. मदत मिळाली म्हणून ते माफ होत नाही. महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण न देता टाळलं तर वर निम्म्यापर्यंत दंड. त्या माणसाचं नाव ईएसआयमध्ये असेल तर या रकमेऐवजी तिथून घरच्यांना दरमहा पैसे मिळतात, पण बांधकामावर तसं नाव असणारे कमीच. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दावा जिथे अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही. घरचे जिथे राहतात, तिथल्या आयुक्तांकडेही तो लावता येतो. कटिहारच्या बाईने ठाण्याला खेपा घालायची गरज नाही.

अडचण एकच येते. तो माणूस त्या साइटवर कामाला होता, हे दाखवायचं कसं? मंडळी, इथे तुमच्या हातातला फोन कामाला येतो. तुमच्या घराशेजारी, गल्लीत, ऑफिसच्या मागे बांधकाम चालू असेल, तिथल्या कुणाशी ओळख असेल, तर त्याला एवढंच सांगा. गेटपासचा फोटो काढ. हजेरीच्या वहीतलं आपलं नाव दिसेल असा फोटो काढ. साइटवरच्या बोर्डाचा फोटो काढ, ज्यावर मुख्य कंपनीचं नाव असतं. पगार आला तर त्याचा मेसेज पुसू नकोस. आणि हे सगळं घरी, गावाला, बायकोच्या किंवा भावाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेव. साइटवर फोन फुटला, तरी पुरावा गावाला शिल्लक राहील.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. हा भाग फॉरवर्ड करताना एक विनंती. फक्त इतिहासाच्या ग्रुपवर टाकू नका, ज्यांच्या घरातलं कुणी साइटवर जातं त्यांच्यापर्यंत पोचवा. काही प्रश्न असतील तर जरूर लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!